बस क्रमांक सात

मला घरांचे नंबर ठाऊक नाहीत.
एकवीस वर्षं मी ही घरं थांब्यांवरून ओळखते:
सहा पंधरा, वाकलेला सायलो, नोवोत्नींची जुळी.
सहा बत्तीस, लाल टपालपेटी,
नेब्रास्काच्या जानेवारीत उघड्या हातांनी उभा असलेला डस्टिन.
माझ्या सीटखाली एक खोकं असायचं, हरवलेल्या हातमोज्यांचं.
"बघ, यातला तुझा कुठला?" मी म्हणायचे.
तो बराच वेळ शोधल्यासारखं करायचा.

प्रचाराला निघाले तेव्हा तोच रस्ता धरला.
मका कापून झालेला, दोन्हीकडे नुसती खुंटं.
फरक एवढाच, की हॉर्न वाजवून
कुणी बाहेर येणार नव्हतं.
उतरायचं मलाच होतं.

शाळा मंडळाची एक जागा. मानधन शून्य.
महिन्याचा दुसरा सोमवार, शाळेच्या ग्रंथालयात,
जिथे पुस्तकं आहेत अजून, ग्रंथपाल नाही.
बँडच्या खोलीत आता बर्फ काढायचं यंत्र ठेवतात.

समोर डेल ऑस्टरगार्ड. वाईट माणूस नाही.
माझी गाडी दोनदा ओढून काढलीय त्याने बर्फातून.
तो म्हणतो, पैसा मुलाच्या मागून चालत जावा,
आईबाप म्हणतील त्या शाळेत.
ऐकायला गोड. हॉलभर टाळ्या.
मी उठले. भाषण खिशात, चष्मा गाडीत.
म्हटलं, डेल, दुसरी शाळा एकाहत्तर मैलांवर आहे.
पैसा जाईल चालत.
पोर कसं जाईल?
टाळ्या नाहीत. कोपऱ्यातल्या कॉफीच्या भांड्याने तेवढा उसासा टाकला.

एर्मा क्रोल दार अर्धंच उघडते.
"माझी पोरं कधीच शिकून गेली. मी का कर भरू?"
औषधांच्या दुकानात तुला गोळ्या समजावून देते, ती कोण गं?
"पावलिकांची. फार भरभर बोलते."
चौथं बाक, खिडकीजवळ. बसमध्येही तशीच बोलायची.
एर्मा हसली नाही.
पण माझा फलक तिने वाळलेल्या गुलाबांत रोवू दिला.

लाल टपालपेटीपाशी डस्टिनच आला दारात,
कडेवर मुलगी.
तोंडावर सांगितलं त्याने: मत डेलला.
"शाळेनं मला काय दिलं, डॉरीन?"
उत्तर पाठ होतं माझं, आकड्यांसकट,
सोडून गेलेल्या शिक्षकांच्या नावांसकट.
त्यातलं एक अक्षर जिभेवर येईना.
मी त्याच्या हाताकडे बघत राहिले.
त्याच्या लक्षात आलं असावं,
कारण मोकळा हात त्याने खिशात घातला.

नऊ मतांनी आले निवडून.
नऊ म्हणजे बसची तीन बाकं, दाटीवाटीनं.
डस्टिन त्यांत होता का, विचारलं नाही.
विचारायचं नसतं.

मग सचिवबाईंनी नियम वाचून दाखवला,
जो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता
आणि रोज रात्री मी उशीखाली दडपून झोपत होते:
मंडळावर बसणाऱ्याला मंडळाचा पगार घेता येत नाही.
किल्ली टेबलावर ठेवली.
टेबल लाकडी होतं. आवाज झाला.

पहिल्या बैठकीत पहिला विषय, बॉयलर.
तत्त्वं नाहीत, देशाचं भवितव्य नाही,
बॉयलर, आणि त्याचा गळका वाल्व्ह.
मागच्या खुर्च्यांत गलका वाढला तेव्हा
माझ्या तोंडून आपसूक गेलं,
"बसा खाली. वळण येतंय."
आणि बसले की सगळे. डेलसुद्धा.

आज सहा दहाला सात नंबर माझ्या दारावरून गेली.
नवा पोरगा ब्रेक जरा उशिरा दाबतो.
खोकं मी सीटखालीच ठेवलंय, वर चिठ्ठी:
यातले काही कधीच हरवलेले नव्हते.
कुणाला सांगू नकोस.
संपले की मला कळव.